साहेब प्यायले त्या दोन ग्लास पाण्याबाबत

नाव : खाणीच्या हजेरीपटावर आहे तेच, हाक मारताना सगळे मावशी म्हणतात. वय : बेचाळीस, कागदावर एकोणचाळीस. धंदा : खाणीच्या मुख्य ऑफिसात चहापाणी. राहणार : वरची वस्ती, नदीकाठ, ऑफिसच्या मागच्या कुंपणापासून चालत सात मिनिटं.

मी आज शनिवारी सकाळी साडेदहाला आपल्या पायांनी ठाण्यात आले. मला कोणी बोलावलं नाही, कोणी पाठवलं नाही आणि पढवून तर मुळीच धाडलं नाही. टाइप करणारे रजेवर असल्यामुळे ठाणे अंमलदार साहेब स्वतः हाताने लिहून घेत आहेत. सुरुवातीला त्यांनी 'सदर इसमाने' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं, कारण मी इसम नाही. माझं बोलणं माझ्यासारखंच लिहीन असं त्यांनी कबूल केलं. म्हणून समक्ष सांगते ते येणेप्रमाणे.

ज्या पत्रकार बाईंना तुम्ही नऊ दिवस आत ठेवलंय, त्यांनी आमच्या मॅनेजर साहेबांच्या पाण्यात काहीही टाकलेलं नाही. ते पाणी मी भरलं होतं. बाईंना सोडा, एवढंच सांगायला मी आले. पण एवढ्याने भागत नाही, सुरुवातीपासून सांगा, असं अंमलदार साहेब म्हणाले.

मी ऑफिसात अकरा वर्षं आहे. चहा, पाणी, टेबलं पुसणं, आणि पाहुणे येणार असले की काचेचा जग भरून ठेवणं ही माझी कामं. हा जग सहा वर्षांपूर्वी आला. बाईंनी पेपरात पहिल्यांदा लिहिलं की खाणीचं धुवण नदीत सोडतात आणि डोंगरातल्या चार वस्त्या तेच पाणी पितात, त्याच आठवड्यात. तेव्हापासून रीत अशी, की बाहेरचं कोणी आलं की मॅनेजर साहेब बोलता बोलता जग उचलतात, हे आमच्या नदीचं पाणी म्हणतात, ग्लासात ओततात आणि सगळ्यांदेखत घटाघट पितात. मग पाहुण्यांना बिस्किटं.

त्या जगमध्ये नदीचं पाणी कधीच नसायचं. शहरातून गाडीने विकतच्या पाण्याचे कॅन येतात, त्यातलं असायचं. तसं मला मॅनेजर साहेबांनीच पहिल्या दिवशी दार लावून सांगितलं होतं, आणि ही गोष्ट ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. मी बाहेर कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. नोकरी आहे, साहेब. ते पाणी पिताना मॅनेजर साहेब डोळे मिटायचे आणि डोंगराच्या पोटातलं अमृत आहे म्हणायचे. मला आतून हसू यायचं, ते मी ट्रे पुसत गिळायची.

या आठवड्यातला नाही, त्याच्या आधीचा मंगळवार. राजधानीहून पाहणी समितीचे चार साहेब आले होते. सोबत पत्रकार बाईही आल्या, कारण समितीने पत्रकारांना बोलवायचं असा नियम आहे. सकाळी दहाला कळलं की कॅनची गाडी रस्त्यातल्या मोरीजवळ लाल चिखलात फसली. तो चिखल खाणीचाच. पाऊस नसतानाही तिथे चिखल असतो. ऑफिसात एक कॅन उरला होता, तो समितीच्या ड्रायव्हरने गाडीच्या काचा धुवायला नेला. मी हेडक्लार्कना बाजूला बोलावून सांगितलं की जगसाठी पाणी नाही. ते समितीच्या साहेबांना खुर्च्या देत होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणाले, "अहो मावशी, नदीचं पाणी कधी संपतं का?" समितीचे साहेबही हसले. आता एवढ्या लोकांसमोर मला हुकूम झाला, मी काय करणार?

अंमलदार साहेबांनी विचारलं की मग ऑफिसच्या नळाचं का नाही भरलं. नळालाही नदीचंच येतं, पण ते टाकीतून तसंच येतं, संडासाच्या बादलीत. ते मी मॅनेजर साहेबांना पाजू? अकरा वर्षांत माझ्या ट्रेबद्दल कोणाची तक्रार नाही. मी कुंपणातून मागच्या मागे घरी गेले आणि आमच्या हंड्यातलं आणलं.

आमच्याकडे पाणी असं भरतात. आदल्या सकाळी नदीवरून आणून हंडा कोपऱ्यात ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. दिवसभरात लाल गाळ खाली बसतो. मग चार पदरी फडक्यातून वरचं पाणी अलगद काढायचं. वरचं पाणी पाहुण्याला किंवा घरातल्या सगळ्यात लहानाला. मधलं बाकीच्यांना. खालचं अंगणात ओतायचं, तिथे काही उगवत नाही. मॅनेजर साहेबांना मी वरचं आणलं. त्यांचा मान म्हणून आणलं, हे कृपा करून लिहा, कारण मी घाणेरडं पाणी दिलं असं ऑफिसात बोललं जातंय आणि ते मला फार लागलं आहे.

अंमलदार साहेबांनी विचारलं की पाण्यात मी काही मिसळलं का. मिसळलं काही नाही, उलट वाटीभर गाळ काढला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मॅनेजर साहेबांनी जग उचलला. ग्लास उजेडात धरून दाखवला. प्यायले, डोळे मिटले आणि नेहमीचं ते अमृताचं बोलले. त्यांना चवीत फरक कळला नाही, हे मी दारातून स्वतः पाहिलं. पत्रकार बाई फोटो काढत होत्या, त्यांचा कॅमेरा अडकला. त्या म्हणाल्या, जमलं तर आणखी एक ग्लास घ्याल का, फोटो आला नाही. मॅनेजर साहेब खूश झाले आणि दुसरा ग्लासही प्यायले. मग बाईंनाही आग्रह झाला. त्या म्हणाल्या, "मी हे पाणी पीत नाही. यात विष आहे असं मी सहा वर्षं लिहितेय." समितीच्या साहेबांनाही विचारलं, पण त्यांचं सगळ्यांचंच पोट नुकतंच भरलं होतं.

दीड वाजता मॅनेजर साहेब पोट धरून खाली बसले. दोन वाजता त्यांना शहरातल्या दवाखान्यात नेलं, तिथे ते चार दिवस होते. गुरुवारी दुपारी बाईंना घरातून उचललं. त्या वेळी त्या आपल्या म्हाताऱ्या वडिलांची दाढी करत होत्या. अर्धी राहिली ती शेजाऱ्यांनी केली.

बाईंविरुद्धचे पुरावे मला अंमलदार साहेबांनी वाचून दाखवले. एक, त्यांनी दुसरा ग्लास मुद्दाम पाजला. दोन, स्वतः प्यायल्या नाहीत, म्हणजे आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. तीन, पाण्यात विष आहे असं सांगणारे त्यांचे एक्केचाळीस लेख जप्त केले आहेत; ज्याला सहा वर्षं आधीपासून विषाची माहिती आहे त्यानेच ते टाकलं असणार. मी कपाळाला हात लावला. मी साहेबांना म्हटलं, पाऊस येणार असं रेडिओवर सांगणाऱ्याला तुम्ही भिजल्याबद्दल पकडणार का? हे जबाबात घ्यायचं नाही असं ते म्हणाले. मी घ्याच म्हटलं.

नऊ दिवस मी गप्प का बसले, असंही त्यांनी विचारलं. भ्याले. आमचे हे खाणीच्या डंपरवर आहेत. दोघांचीही भाकरी तिथलीच. बाईंना आज ना उद्या सोडतील, आपण कशाला मध्ये पडा, असं मी रोज मनाशी म्हणत होते. पण काल दुपारी हेडक्लार्कनी मला एक टाइप केलेला कागद दिला आणि खाली सही कर म्हणाले. मला वाचता येतं हे अकरा वर्षांत त्यांच्या लक्षातच आलेलं नाही. त्यात होतं की पत्रकार बाई जगपाशी घुटमळताना मी डोळ्यांनी पाहिल्या. मी चष्मा घरी राहिला म्हणून सांगितलं. मला चष्मा नाही. घरी जाऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, जा तू.

यावर अंमलदार साहेबांनी कपाटातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. नदीचं पाणी पिण्यास योग्य आहे असा त्यावर गोल शिक्का आहे. ते म्हणाले, नदी स्वच्छ आहे, त्यामुळे नदीच्या पाण्याने कोणी आजारी पडूच शकत नाही. मॅनेजर साहेब आजारी पडले, त्यामुळे ते नदीचं पाणी नव्हतं. मी म्हटलं, मग मी आणलं ते काय होतं? ते म्हणाले, नुसतं 'पाणी' लिहू. मी नाही म्हटलं. मग त्यांनी वरिष्ठांना फोन लावला आणि उभं राहून बराच वेळ हो सर, हो सर केलं. मला बसवून ठेवल्याबद्दल त्यांनी प्यायला पाणी दिलं. तेही कॅनचंच होतं. ठाण्याच्या नळालाही नदीचं येतं, मग कॅन कशाला, असं मी विचारलं, तर ते नळाचं पाणी फक्त आरोपींना देतात असं कळलं.

फोन ठेवल्यावर साहेबांचा आवाज बदलला. ते म्हणाले, मावशी, तुमच्या बोलण्यावरून पाणी तुम्ही आणलं, भरलं आणि समोर ठेवलं. ते पिऊन एक माणूस मरता मरता वाचला. म्हणजे पत्रकार बाई सुटल्या तर आरोपी तुम्ही. अजून वेळ आहे, घरी जा, हा कागद मी फाडतो.

मी म्हटलं, फाडू नका. जो पाणी देतो तो आरोपी, असं असेल तर मला मान्य आहे. पण मग आधीचा गुन्हा आधी लिहा. माझी लेक साडेसहा वर्षांची असताना वारली. आमच्या घरातलं सगळ्यात लहान माणूस तीच, म्हणून तिला वरचं पाणी, सकाळ-संध्याकाळ, मी स्वतःच्या हाताने पाजत होते. तिचं पोट दुखायचं, नखं काळी पडली होती, खाणीच्या डॉक्टरांनी गोड औषध दिलं. मॅनेजर साहेब दोन ग्लास प्यायले. तिचे किती झाले ते तुम्ही मोजा, मला मोजवत नाही. तिच्या वेळी या ठाण्यातून वस्तीवर कोणी आलं नाही. मला पकडायचं तर तिच्यासाठी पकडा, मॅनेजर साहेबांसाठी नंतर.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनाही लहान मुलगी आहे, टेबलाच्या काचेखाली फोटो आहे. ते म्हणाले, मावशी, हे मी असं कसं लिहू, कलम लावायचं तर पाण्यात अपायकारक काय होतं ते दाखवावं लागतं. मी म्हटलं, दाखवा की. मी आरोपी व्हायला तयार बसलेय. माझ्यावर गुन्हा घालायचा तर नदीचं पाणी अपायकारक आहे असं तुम्हाला लिहावं लागेल. आणि ते लिहायचं नसेल, तर मी एका साहेबांना चांगलं पाणी पाजलं, बाईंनी त्याचा फोटो काढला, आणि यात कोणीच आरोपी नाही. दोन्हीकडून बाई सुटतात. तुम्हाला कुठलं सोपं ते करा.

त्यांनी 'हंड्यातील पाणी' असं लिहून पाहिलं. हंड्यात ते कुठून आलं तेही लिहा म्हटलं. 'सार्वजनिक स्रोतातून' लिहिलं. तेही मी खोडायला लावलं. पुन्हा फोन लावायला उठले, पण वरिष्ठ जेवायला गेले होते आणि जाताना सांगून गेले होते की कोणावर का होईना, आज गुन्हा पक्का करा. मग साहेब बसले आणि त्यांनी माझ्यासमोर, निळ्या शाईने, स्वतःच्या हाताने लिहिलं ते असं : सदर महिलेने मॅनेजर साहेबांना व तत्पूर्वी स्वतःच्या मुलीस नदीचे पाणी पाजले असून, नदीचे पाणी जिवास अपायकारक आहे.

वरील सगळं मला वाचून दाखवलं. ते मोठ्याने वाचा, असं मी म्हटलं, आणि साहेबांनी वाचलं. ठाणं लहान असल्याने कोठडीपर्यंत ऐकू जातं. शेवटच्या वाक्याला आतून पत्रकार बाई म्हणाल्या, "साहेब, जरा सावकाश वाचा, मी उतरून घेतेय." तेवढं वाक्य सावकाश वाचलं. मी सांगितलं तसंच आहे, त्यात कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली सही करते. अंगठा नको, सही करते.