नको म्हटल्याची नोंद

…नाही, नाही, बसा हो, आभारच मानून राहिलोय, माइक मला आभार मानायलाच दिलाय, माहीत आहे मला… पण आभार मानायचे तर कशाकशाचे ते नको सांगायला? इतकी वर्षं आपल्या या शारदोत्सवात, या फ्रीगंजच्या हॉलमध्ये, शेवटचं एकपात्री कुणाचं असायचं? माझं, भय्यासाहेबांचं! रामघाटावर पुण्याचे काका आधी ऑटोवाल्याशी आणि मग पंड्याशी हुज्जत घालतात, ते ऐकायला देवासहून लोक यायचे. आणि यंदा मी काय म्हणतोय? 'सर्वप्रथम माइकवाल्यांचे आभार.' का? तर नोंद झाली!

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या श्रेयसचं. आपल्या सेक्रेटरी अपर्णाताईंचा मुलगा, इंदूरला कंप्यूटरमध्ये आहे. म्हणे, आई, तू किती परेशान होतेस, मी एआयचे एजंट लावून देतो. लावले. एक फोन करणारा, एक कार्यक्रम बसवणारा, एक पत्रिका काढणारा, एक जेवणाचं बघणारा. माणसं नाहीत हं, कंप्यूटरच सगळे! आणि या चौघांची मिळून एकच सामायिक नोंद. एकाने काही ऐकलं की तिथे लिहायचं, बाकीच्यांनी ते वाचायचं आणि मुकाट कामाला लागायचं. आपल्या मंडळात एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचलंय असं आजवर कधी झालं होतं का? सभेत पहिली टाळी मीच वाजवली हो.

तर फोन आला. आवाज इतका अदबशीर, की मी बनियनवर होतो तो उठून सदरा घातला. 'नमस्कार भय्यासाहेब, यंदा आपण एकपात्री सादर कराल का?' आता मला सांगा, आपल्यातला माणूस पहिल्या फटक्यात हो म्हणतो का? मी म्हटलं, छे हो, नको, आता दम लागतो, नव्या मुलांना द्या. मतलब काय? मतलब पुन्हा विचारा! अपर्णाताई दरवर्षी काय करायच्या? आधी फोन, मग घरी येऊन आमच्या हिच्या, प्रतिभाच्या, हातचे पोहे खात आग्रह, मग निघताना जिन्यात थांबून, 'भय्यासाहेब, तुमच्याशिवाय काही मजा नाही.' तेव्हा कुठे मी मान डोलवायचो. आणि हा काय म्हणाला? 'समजलं. नोंद झाली.' आणि ठेवला फोन!

मी वाट बघतोय. धोतर इस्त्री करून ठेवलंय, आरशापुढे उभा राहून पंड्या करून राहिलोय, आंघोळीला जाताना मोबाइल प्रतिभाच्या हातात देऊन जातोय… फोनच नाही. येणार कुठून? तिकडे कार्यक्रमवाल्याने वाचलं, नको म्हणाले. त्याने नव्या मुलांतल्या केदारला विचारलं. केदार पहिल्या फटक्यात म्हणाला, 'करतो ना.' बेशरम! पत्रिकावाल्याने वाचलं, नव्यांना द्या म्हणाले. त्याने छापलं, 'भय्यासाहेबांनी नव्या पिढीसाठी जागा मोकळी केली', आणि वर माझा असा फोटो, की हार घालायचा तेवढा बाकी. देवासहून साडूंचा प्रतिभाला फोन, 'कधी झालं हो?' जेवणवाल्याने वाचलं, दम लागतो. मघाशी तुम्हा सगळ्यांच्या पानात जिलबी पडली ना? माझ्या पानात काय होतं? मुगाची खिचडी! बिनतुपाची! नोंद झाली!

मग मी शरम सोडली. स्वतः त्या फोनवाल्या एजंटला फोन लावला आणि साफ सांगितलं, 'मला करायचंय. मनापासून करायचंय. वर्षातून एकदा लोक माझं ऐकतात, एरवी घरात कुकरसुद्धा मला बोलू देत नाही.' असं आयुष्यात कुणापाशी बोललो नव्हतो. प्रतिभापाशीसुद्धा नाही. तो म्हणाला, 'नोंद झाली.' मी खुश! मग श्रेयसने ती नोंद मला वाचून दाखवली. 'तीन नोंदींनुसार त्यांची इच्छा नाही, एका नोंदीनुसार आहे. बहुधा भिडेखातर हो म्हणत आहेत. त्यांना आग्रह करून त्रास देऊ नये.'

अरे, त्या तीन नोंदी आल्या कुठून? त्याच एका फोनवरून! एकाचं लिहिलेलं बाकीच्या तिघांनी आपापल्या नावाने उतरवलं, झाले तीन साक्षीदार! म्हणजे मी रीतीप्रमाणे खोटं बोललो ते खरं, आणि जन्मात पहिल्यांदा खरं बोललो ते भिडेखातर? श्रेयस म्हणतो, 'काका, सिस्टिम तर बराबर चालली, तुम्ही आधीच हो का नाही म्हणालात?' काय सांगू याला? तोवर पत्रिका घरोघरी गेल्या होत्या, अपर्णाताई म्हणाल्या, आता केदारला कसं नाही म्हणायचं. आभारप्रदर्शनाला मात्र कुणी मिळत नव्हतं.

केदारचं झालं. तुम्ही हसलात, मी बघत होतो, चांगलं हसलात. त्याला पंड्याची मान हलवता येत नाही, तरी हसलात. वाईट वाटलं हो मला. खूप वाईट वाटलं.

जाऊ दे. तर आभार… माइकवाले, मांडववाले, जिलबी ज्यांनी ज्यांनी खाल्ली ते सगळे… काय अपर्णाताई? जरा जोरात बोला, मागे ऐकू जात नाही. पुढच्या वर्षी एकपात्री माझंच? सगळ्यांसमोर विचारताय?

छे हो, नको… आता माझ्याच्याने कुठे होतंय…

…अपर्णाताई, तुमच्या हातातला तो मोबाइल चालू होता का?

काय म्हणाला?

…हां. त्याचेही आभार.