पाहुण्यांचा रांजण

मंडळी, ऐका. देव मखरात बसलाय, त्याच्यासमोरच विचारतो. घरी पाहुणा आला. घरातली लाज त्याच्यापासून झाकावी, की त्याच्यापुढे उघडी करून ठेवावी?

पहिल्या रांगेतले काकाजी म्हणतात, झाकावी. मागून मावशी म्हणतात, झाकावीच. झाकायचं म्हटलं की आपलं एकमत फार लवकर होतं. तर ऐका.

कोळशाच्या पट्ट्यात एक गाव होतं, पिंपरडोह. शेजारी कोळशाची उघडी खाण. वीस वर्षं कोळसा निघाला, संपला, आणि खाणवाले निघून गेले. जाताना यंत्रं नेली, पत्रे नेले, फाटक नेलं, फाटकावरची 'सुस्वागतम्'ची पाटीसुद्धा नेली. विसरले फक्त एक — खड्डा. शंभर हात खोल! त्यात पाणी साठलं, दगड-कोळशाला लागून आंबट झालं, आणि जमिनीखालून चालत चालत गावच्या विहिरींत आलं. पाण्याला चहाचा रंग चढला. बिनदुधाच्या. म्हशी हुंगून मान फिरवायच्या. माणसं प्यायची. बुद्धी देवाने नेमकी कोणाला दिली, तो पुढच्या वर्षीच्या सप्ताहाचा विषय.

या गावात पंचफुलाबाई आस्वले राहायची. अर्धी गल्ली तिच्याच विहिरीवर पाणी भरायची. मुलगा नीळकंठ, वय तेहतीस, लग्नाचा. मुलीकडचे यायचे, बसायचे, पेल्यात बघायचे. पोहे बाहेर येईपर्यंत जीप गावाबाहेर! असं तीनदा झालं.

गावाला फार लागलं ते. सरपंच नानाजी ढवस यांनी ग्रामसभा बोलावली. ठराव कसला झाला असेल? पाणी सुधारण्याचा? छे. ठराव असा झाला — पंचायतीत एक मोठा रांजण ठेवायचा, तालुक्याहून शुद्ध पाण्याचे कॅन आणून भरायचा, आणि ते पाणी फक्त पाहुण्यांना द्यायचं. गावच्या माणसाने शिवायचं नाही. रांजणाला झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली कोतवालाकडे. हा लटारी कोतवाल, पंचायतीचा सांगकाम्या, इतका प्रामाणिक, की एका म्हाताऱ्याला पंचायतीत ठसका लागला तर त्याने आधी विचारलं, "बाबाजी, तुमी पाहुने का गावचे?"

हसता काय? तुमच्या घरात पाहुण्यांचे कप वेगळे नाहीत?

पुढे सरकारला खड्ड्यांची आठवण झाली. सोडून दिलेल्या खाणी आणि त्यांनी नासवलेलं पाणी साफ करायला निधी निघाला. जनतेचा पैसा, म्हणजे ह्या तबलेवाल्यांचाही. अट एकच — आधी पाणी तपासायचं. खराब निघालं तर खड्डा उपसणार, पाणी शुद्ध करणार, विहिरी सुधारणार. पंचफुलाबाई रोज पंचायतीत जाऊन विचारायची, "तपासणीवाले कवा येतेत जी?" पाहुणा रांजणातलं पिऊन जाईल, सून तर विहिरीचंच पिणार; विहीर सुधारली की सून येणार, हे तिचं गणित.

आले! प्रयोगशाळेचे तारेकरसाहेब आले. मे महिना, चंद्रपूरकडचं ऊन. साहेब खुर्चीत कोसळले. लटारीने रांजणातलं गार पाणी दिलं. साहेब तीन पेले प्याले, रिकाम्या दोन बाटल्या काढल्या आणि म्हणाले, "विहिरीचं पाणी भरून आणा हो जरा."

नियम काय? साहेबांनी स्वतः विहिरीवर जाऊन भरायचं. पण उन्हाला नियम माहीत नव्हता.

लटारी बाटल्या घेऊन निघाला, आणि दारात थबकला. त्याच्या मनात आलं — बाटली साहेबाची, म्हणजे वाटेत पिणार साहेबच. साहेब म्हणजे पाहुणा. पाहुण्याला असलं पाणी द्यायचं? गावाची अब्रू काय राहील? तो मागे फिरला. कुलूप उघडलं. रांजणातून दोन्ही बाटल्या काठोकाठ भरल्या, वरून स्वच्छ फडक्याने पुसून दिल्या.

महिन्याने अहवाल आला. 'पाणी उत्कृष्ट.'

पंचफुलाबाई धावत पंचायतीत गेली. "नानाभाऊजी, हे कोन्या गावचं पाणी तपासलं?"

सरपंचांनी लटारीकडे पाहिलं. लटारीने रांजणाकडे पाहिलं. सरपंच समजले, आणि समजलेलं झाकून ठेवलं. म्हणाले, "वहिनी, सरकार म्हणते चांगलं, तर आपण काहून वाईट म्हणावं?"

आता निधी-समितीपुढे संकट आलं. निधी घाण काढण्याचा, आणि घाण तर नाही. पैसा परत पाठवावा, तर जनतेचं नुकसान. म्हणून समितीने जड अंतःकरणाने सुशोभीकरण केलं. खड्ड्याचं नाव नीलसरोवर ठेवलं. पाणी तांबूस होतं, म्हणून कठडा निळा रंगवला. बाकडी बसवली. हंसाच्या आकाराची एक होडी आणून लोखंडी साखळीने बांधली. आंबट पाण्याने पंधरा दिवसांत साखळी खाल्ली. हंस तरंगत मधोमध गेला आणि तिथेच राहिला. समितीने नोंद केली — 'पक्षी येऊ लागले.'

उद्घाटन ठरलं. मांडव, माईक, मंचावर समितीचे अध्यक्ष, तारेकरसाहेब आणि सरपंच. पाहुण्यांना पाणी देण्याचा मान पंचफुलाबाईला. ती आली. हातात ताट, ताटात काचेचा पेला, पेल्यात तिच्या विहिरीचं पाणी.

सरपंच दातांतल्या दातांत म्हणाले, "वहिनी, रांजणातलं आणा वो."

"आहवाल ह्याच पान्याचा हाय न भाऊजी? मंग हेच."

अध्यक्षांनी पेला उचलला. उजेडात धरला. "बाई, मी चहा घेत नाही."

"चहा नाई जी. उत्कृष्ट पानी हाय."

अध्यक्षांनी पेला हळूच ठेवला. "माझा आज निर्जळी उपास आहे."

"कशाचा जी?"

अध्यक्षांनी विचार केला. "बुधवारचा."

"आज मंगळवार हाय."

"आदल्या दिवसापासूनच धरतो मी."

बाईने ताट तारेकरसाहेबांपुढे नेलं. साहेब म्हणाले, "मी ऑन ड्यूटी आहे." ताट सरपंचांपुढे आलं. सरपंच तर याच गावचे, त्यांना कसला उपास! पण समोर चार गावचे पाहुणे बसलेले. एकीकडे गावाची अब्रू, एकीकडे गावची विहीर. पंचफुलाबाई हळूच म्हणाली, "भाऊजी, रांजणापायी विहीर तशीच राह्यली, न माह्या घरी सून नाई आली. विहीर सुधरन तं येईन."

सरपंचांनी पेला घेतला नाही. माईक घेतला. घसा दोनदा साफ केला आणि म्हणाले, "आमच्या गावचं पानी खराब हाय."

खाण बंद पडल्यापासूनच्या बारा वर्षांत हे वाक्य त्या गावात कोणी मोठ्याने बोललं नव्हतं! पाठोपाठ लटारी उभा राहिला. "बाटलीत रांजणातलं म्या भरलं होतं जी. पाहुण्यासाठी."

त्याच दुपारी तारेकरसाहेब आपल्या पायांनी विहिरीवर गेले आणि आपल्या हाताने बाटली भरली. महिन्याने अहवाल आला. गाव साफ नापास! पंचफुलाबाईने घरोघरी पेढे वाटले. नापास झाल्याचे पेढे वाटणारं गाव मी तरी दुसरं पाहिलं नाही.

निधी आला? आला. थोडा कमी आला; कठडा, बाकडी आणि हंस त्यातून वजा झाले होते. पण खड्ड्यावर पंप बसला, उपसा सुरू झाला. विहीर निवळायला तीन वर्षं लागतील म्हणतात. नीळकंठ तेव्हा छत्तिशीत असेल. मुली असतील तुमच्या पाहण्यात, तर कळवा.

आता तुमच्याकडे वळतो. मघाशी इथे बसलो तेव्हा तुम्ही माझ्यापुढे पाण्याची बाटली ठेवलीत. सीलबंद. तुमच्या गावाला लागूनही एक खाण होती, हे मला येताना जीपवाल्याने सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत. ही बाटली घ्या परत. आणि कोणीतरी घरी जाऊन आपल्या विहिरीचा तांब्याभर आणा. मी इथे, सगळ्यांसमोर, पेल्यात ओतून बघणार आहे.

जातं का कोणी?

पेटीवाले, सूर धरून ठेवा. तांब्या आल्याशिवाय आरती नाही.