गठुळ्यात बांधलेला मुकादम

लावा पैज, ह्याचा शेवट तुमाला सांगता येनार न्हाय. दुसरी नापास मायाप्पा बोलतोय, तरी लावा.

तर तुमाला सांगतो, शुक्रवार पेठेत ईश्वरप्पा मालकाचा टॉवेलाचा माग हाय, त्यो चालतो कंप्युटरवर, आन त्या कंप्युटरपुढं बसायचो मी. बसायचो म्हंजे, बसू कुठं देत हुता, मालकाचा जावई प्रभु इपितर! अधनंमधनं सोमवारी यायचा, अपडेट दाबायचा, गाडीला किक मारून पसार. मंगळवारी माग मुका. मग ह्योच मान वाकडी करून मालकाला, "मामा, म्हाताऱ्यानं काय दाबलं बघा." मी काय दाबनार? मला चहाचा कप धरायची अक्कल नीट हाय काय...

भानगड आशी, कंप्युटरच्या पोटात एक मुकादम असतो, त्याला कर्नल म्हनत्यात, मागाला हुकूम त्योच देतो. आमचा माग जुना, त्याची बोली बाजारच्या मुकादमाला यीना. म्हनून मालकाची पुतनी शिवलीला, कंप्युटरची इंजिनेर, तिनं दिवसभर खपून आमच्यापुरता मुकादम घडीवला हुता. अपडेट आला की आमचा मुकादम हाकलला, कंपनीचा नवा बसला, माग गप. असं तीनदा, दर बारीला शिवलीला लांबनं आमचा मुकादम परत बसवायची. आन तिन्ही येळा, म्हाताऱ्यानं काय दाबलं बघा. शेवटी मालकानं मला उठवलं आन टॉवेलाचं दोरं कातरायला बसवलं. तीस वर्सं मागावर काढून मिळालेली खुर्ची गेली वो!

वर जावयाचं शहानपन ऐका. म्हनला, परत्येक टॉवेलाच्या काठाला कर्नलचं नाव विनून यीऊ द्या, म्हाताऱ्यानं बदललं की सापडंल. आता सांगा, खड्डा कुनी खनला?

दिवाळीला शिवलीला आली. मी कातर टाकून समदं सांगितलं. तिनं मुकादम पुना घडीवला, पन ह्या बारीला त्याचं रीतसर गठुळं बांधलं, वर येगळं नाव, आन कुलूप. अपडेट आला तर बाकी समदं बदलंल, ह्याला हात लावनार न्हाय.

"मायाप्पाकाका, नाव काय देऊ?"

मी तिच्या कानात सांगितलं. पोरगी तोंडावर पदर धरून हासली, पन टायपलं की. विंग्रजीत. मी एकेक अक्षर घोकून घितलं.

फुडल्या म्हैन्यात प्रभुच्या भनीचं लगीन, आहेराला दोनशे टॉवेल. जावयानं आदी अपडेट दाबला. माग पळाला! "बघा मामा, म्हाताऱ्याला हात लावू दिला न्हाय तर कसा पळतोय." व्हय बाबा, पळू दे. आन दोरं कातरायला कोन? मी. काठावरचं नाव दोनशे येळा वाचलं, दोनशे येळा घडी आतल्या अंगाला घातली. आसं सुख मला माज्या लग्नात बी न्हवतं.

मैंदर्गीला लगीन. नवरदेवाचा चुलता सिद्धलिंगप्पा, त्यानं टॉवेल झटाकला आन चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "प्रभु-गाढव. कोन वो ह्यो प्रभु?" आन प्रभु फुड्यात उभा, हातात आहेराचं ताट...

दुसऱ्या दिशी शेडात बोंब, म्हाताऱ्यानं काय दाबलं बघा! मी म्हनलं, जावईबापू, मी कायबी दाबलं न्हाय, दाबलं तुमीच, ह्या बारीला मुकादम हाकलला गेला न्हाय येवडंच. मालकानं शिवलीलाला फोन लावला, तिनं तीनदा झालेलं समदं सांगितलं. मालकानं फोन ठिवला. मग जावयाला म्हनले, फुडं ह्या कंप्युटरला बोट लावायचं न्हाय. आन मला म्हनले, मायाप्पा, बस जा तुज्या खुर्चीवर.

बसलो की! आन बसतोय तवर म्हनले, सोयऱ्यांनी दोनशेच्या दोनशे टॉवेल माघारी धाडल्यात, साठ रुपयं नग, नाव तूच सुचीवलंस, तुज्या पगारातनं.

आता घरात जिकडं बघंल तिकडं टॉवेल. काल आंगूळ करून आंग पुसत हुतो, तर आमची बायकू निंगव्वा काठाला बोट लावून इचारती, "तुमी वाचून दावलं तसं समदीकडं गाढव लिवलंय, ह्यो गाढव हाय तरी कोन?"

म्हनलं, बारा हजार भरतोय त्यो.