नवमीची पूजा आणि तीन रांगा

(दर्यापूरच्या एका शाळेची संगणक खोली. मुख्याध्यापक जानराव, शिपाई नत्थुजी आणि संगणक शिकवणारी मिस्बाह.)

जानराव : अहो, पण सर्व्हर बंद केलाच कावून? पोरं टायपिंगचा सराव करून राह्यली होती ना!

नत्थुजी : सर, खंडेनवमी हाय. चालू मशीनले हळदकुंकू लावू का? आपण मोटर, शिलाई मशीन, सारं बंद करूनच पुजतो. चार मिनिटं, बाप्पा! फूल वाह्यलं, उदबत्ती ओवाळली, बटन दाबलं.

जानराव : अन् वीसच्या वीस संगणक बसले! त्यायच्यात डिस्कच नाही, सारं त्या एका सर्व्हरमधून येते. आज संस्थेले सांगायचं हाय, सर्व्हर जोडायची कोणती पद्धत पक्की करायची. अकोल्याचा इंजिनिअर म्हणते, एनबीडीच घ्या. मिस्बाह बाईनं महिनाभर तीन रांगांवर तीन पद्धती लावून पाह्यल्या, ती मेहनत पाण्यात गेली.

मिस्बाह : वीस नाही बसले, सर. या, पाहा. ही पहिली रांग एनएफएसची. सर्व्हरवरचं फोल्डर साऱ्यांना वाटून देते. सर्व्हर गेला तसा पडदा थिजला. परत आला, अन् या रांगेतल्या जुईलीनं अर्धा राहिलेला शब्द पुरा केला. एक अक्षर गेलं नाही.

जानराव : खरंच? अन् ही दुसरी?

मिस्बाह : एनबीडी. सर्व्हरवरची डिस्क हिला आपल्याच पोटातली वाटते. पळते सगळ्यात जोरात, इंजिनिअरसाहेब खोटं नाही बोलले. पण डिस्क मध्येच गायब झाली अन् या रांगेतले सारे संगणक आडवे. तिसरी एसएसएचएफएस. तिच्या फायली वाटेत कोणी चोरून वाचू शकत नाही, पण आधीच हळू, अन् जोडणी तुटली ती तुटलीच.

जानराव : मंग हे आधी नाही तपासलं?

मिस्बाह : वेग तपासला. भर तासाला सर्व्हर बंद करायची माझी छातीच झाली नाही. नत्थुकाकांची झाली.

नत्थुजी : म्हंजे, माह्या हातून नुसकान नाही झालं?

मिस्बाह : दोन रांगांचं अर्धं अर्धं पान गेलं, काका. ते लिहितील पुन्हा. परीक्षेत सर्व्हर बंद पडला असता तर?

जानराव : वा, पोरी! लय अभिमान वाटला आज. नत्थुजी, लावा अकोल्याले फोन. सांगा, आमचं एनएफएस ठरलं. कोणं तपासलं इचारलं, तर म्हणा, आमच्याच शाळेत शिकलेल्या पोरीनं.

नत्थुजी : पाचवीच्या पह्यल्या दिवशी फाटकात रडून राह्यली होती. म्याच हात धरून वर्गात नेलं हिले. तेबी सांगू का, सर?

जानराव : तेच आधी सांगा.