मागनं हाक मारायची न्हाई

मी मूळची रिहे खोऱ्यातली. तितं भात लई पिकतं, चिखलात पाय रवला की गुडघ्यापतूर जायाचा, आन चढ म्हंजे काय ते आमाला ठावंच नव्हतं, बांधावरनं जायाचं आन बांधावरनं परत यायचं. आमचा बा म्हणायचा, पोरीला सपाटीला द्यायची, आन दिली कुटं, तर गडाच्या पायथ्याला. काय सांगू तुम्हाला ताई, लगीन लागून आली तवा अंगणात उभी ऱ्हाऊन वर बघितलं तर डोईवरचा पदर पडला, येवढी मान मागं गेली. सासूला म्हणली, आत्याबाई, ह्यो कडा कवा घरावर आला तर वं? सासू म्हणली, अजून तरी आला न्हाई, आता तुज्या पायगुणानं येतोय का बघू.

गडाचं नाव तेवढं लिवू नका. नाव लिवलं की आनखी मानसं येत्यात, आन आधीच काय कमी हायेत?

वर देवी हाय. देऊळ कसलं, चार दगूड आन वर पत्रा, पन तिचा दिवा आमच्या घराकडं. मंगळवारी आन शुक्रवारी आमच्या घरातल्या गड्यानं वर जायाचं, तेल घालायचं, वात लावायची, खाली यायचं. आजेसासऱ्यानं लावला, सासऱ्यानं लावला, मग आमचं मालक लावाया लागलं. बाईमानसानं जत्रंला वर जावं, वटी भरावी, पन दिव्याला हात लावायचा न्हाई. का न्हाई ते मला इचारू नका, मी बी इचारलं व्हतं, तवा सासूनं अशी नजर टाकली की परत इचारलं न्हाई. आन दुसरी यक रीत. देवीकडं निघालेल्या मानसाला मागनं हाक मारायची न्हाई. उंबऱ्याभाईर पाऊल पडलं की तो मानूस देवीचा. तेल इसरला तरी हाक न्हाई, पळत जायाचं, म्होरं जाऊन तोंडासमोर उभं ऱ्हायाचं, मग काय बोलायचं ते बोलायचं. नवी असताना मी यकदा तेलाची बाटली घिऊन अशी पळाली की लुगडं पायात आलं आन सगळं तेल माज्याच डोक्यावर. मालक थांबलं, बघितलं, म्हणलं, देवीच्या आधी तूच पेटशील. दिसभरात तेवढंच बोललं. लई कमी बोलत्यात ते.

मग ही पुण्याची मानसं याया लागली. आधी कवातरी यखांदा मास्तर पोरं घिऊन यायचा, मग पाठीला पिशव्या लावलेली जवान पोरं, मग पोरी बी, प्यांटीतल्या. शनवारी एस्टीतनं उतरायची, चालत वाडीवर यायची, आमच्या पडवीत पडायची. सासू म्हणायची, ह्यांच्या घरी काय काम न्हाई काय गं, वर काय पेरलंय म्हणून बघाया जायाचं? पडका दरवाजा बघायची, तटाला हात लावायची, टाक्यातलं पानी पिऊन काय गोड हाय म्हणायची, जसं आमी इतकी वर्सं दुसरंच काय पीत व्हतो. मला इचारायची, मावशी, गड कुणी बांधला, कवा बांधला. मी म्हणायची, बाबांनो, मी आली तवा बांधलेलाच व्हता. पन पोरं चांगली. पिठलं आन नाचणीची भाकरी खाऊन बोटं चाटायची, सकाळी पडवी झाडून जायाची. मालक त्यांना वाट दावायचं. मला बी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, ह्या वाडीत दुसरं येतंय कोन.

आता मोहळाचं सांगती. गडाच्या दरवाजावर कडा म्होरं आलाय, त्याच्या पोटाला आग्या मोहळ बसतं, होळी झाली की बसतं ते पाऊस पडंस्तवर. सुपायेवढी पोळी, काळी, दगडाचाच रंग, नवख्याला दिसायची बी न्हाईत. त्या दिसांत आमचा गडी दरवाजाखालनं जाताना बिडी ओढायचा न्हाई, खोकला आला तर तोंडात फडकं धरायचा. धूर न्हाई, गोंगाट न्हाई. येवढं पाळलं तर माशी कुणाला काय करत न्हाई, ती तिच्या कामाला, आमी आमच्या.

त्या वर्सी चैतात अशीच पोरं आली. मालक तापानं फणफणलेलं, त्यांच्यासंगं जायाचं जमंना. तर हातरुणावरनं त्यांनी सांगितलं, दरवाजापाशी जाळ करू नका, मी सांगितलं, सासूनं सांगितलं. पोरांनी माना हलवल्या. वर गेली, उनानं दमली, दरवाजात गार सावली, म्हणली हितंच च्या करू. वाळलं गवात आन तीन दगूड. दमलेलं मानूस इसरतं ओ. मी त्यांना मनातल्या मनात लई शिव्या दिल्यात, अजून देती, आन देऊन झाल्या की वाटतं, लेकरंच ती, कुणाची तरी.

मी अंगणात शेण्या थापत व्हती. वरनं वरडाया लागली पोरं, गडावरनं आवाज कसा हितं सरळ खाली येतोय. मालक उठलं, घोंगडं घेतलं आन भाईर पडलं. अंगात ताप, पाय लटलटत्यात. मी तशीच उठली, तोंडापतूर आलं व्हतं, अवो थांबा, अवो तुमी नका जाऊ, आन सासूनं मागनं येऊन माज्या तोंडावर हात दाबला. तिचा ल्योक ओ. पोटचा ल्योक वर चाललेला, डोळ्याला धार लागलेली आन हात माज्या तोंडावर. म्हणली, देवीच्या वाटंवर हाय, हाक मारू नगंस. मी पळाया बघत व्हती तर दुसऱ्या हातानं दंड धरलेला. ते वाटंवरच्या बोरीच्या झाडापाशी वळलं आन दिसंनासं झालं.

बाकीची पोरं पळत खाली आली, यक पोरगी तितंच पडलेली. मालकांनी घोंगडं तिच्या अंगावर टाकलं आन स्वता वर पालथं पडलं, उघड्या अंगानं. माश्या पांगल्यावर वाडीतल्या गड्यांनी दोघांना खाली आणलं. पोरगी शुद्धीवर व्हती. मालकांचं त्वांड मी वळखलं न्हाई. म्हणली, हे कोन, आन मग हातातलं कडं बघितलं. त्याच घोंगड्याची झोळी केली, त्या पोरांनीच खांदा दिला, त्यांची बी त्वांडं सुजलेली, रडत रडत सडकंला नेलं. दुधाच्या टेम्पोतनं पौडाला, तितनं पुण्याला. मी अनवाणी, हाताचं शेण तसंच.

वाचलं. पन डॉक्टरनं मला बाजूला घेतलं, म्हणला, बाई, ह्यांच्या अंगाला आता त्या इखाचं वावडं झालंय, परत यक जरी माशी चावली तरी मानूस हाती लागायचा न्हाई. यक माशी. मी इचारलं, काय औषीद? म्हणला, तिकडं जाऊ नका हेच औषीद.

घरी आलो. अंगात जरा बळ आलं तसं यका मंगळवारी बघती तर ह्यांच्या हातात तेलाची बाटली. मी पाय धरलं. आमचा पोरगा उरवड्याला कारखान्यात, त्याला सांगावा धाडला, तो बिचारा काय मंगळवार-शुक्रवार येऊन दिवा लावून गेला, मग त्याची पाळी बदलली, सायब सोडंना. म्हणला, बाबा, दिवा ऱ्हाऊ द्या की, कोन बघतंय. मालक म्हणलं, तू तुजी पाळी सांभाळ. मग मीच वाडीतल्या जुन्या मानसांफुडं गेली, म्हणली, मी लावती दिवा, पाऊस पडंस्तवर तरी लावू द्या. तर म्हणली, बाईचा हात चालायचा न्हाई. मी म्हणली, देवी बी बाईच हाय, आन बाईचं कुकू पुसल्यालं तिला चालतंय का? सगळी जमिनीकडं बघत बसली. परत आली, मालकांशी भांडली. ते म्हणलं, जिनं वाचवलं तिला अंधारात बसवू? मी म्हणली, तिनं वाचवलं, मग माश्या कुणी सोडल्या? तर उठून गोठ्यात गेलं. आन शुक्रवारी बाटली घिऊन निघालंच.

ती पोरगी येऊन गेली दुसऱ्या वर्सी, आई-बापाला घिऊन. माज्या मांडीवर डोकं ठिवून रडली. मी तिला थोपटलं, तिला काय बोलू? तिचा जीव वाचला ते चांगलंच झालं. सासू आता न्हाई. ती गेली तवा वाटलं, आता मी हाक मारीन, आता माजं त्वांड धरायला कोन हाय. पयल्याच मंगळवारी ते उंबऱ्याभाईर पडलं, मी त्वांड उघडलं, आन तिचा हात व्हता तितंच. आवाज फुटला न्हाई. आन पळत म्होरं जावं तर आता गुडघं ऐकत न्हाईत, आन गेली तरी ते बाजूनं वाट काढून जायाचं.

आज बी मंगळवारच. होळी होऊन गेलीया, मोहळं बसल्यात. तुमचा पाय मुरगळला म्हणून तुमी हितं बसलाया, तुमची मानसं मालकांसंगंच वर गेल्यात. धूर करू नका म्हणून सांगितलंय, त्यांनी बी माना हलवल्यात. गुणाची दिसली मला पोरं. देवी समद्यांना सुखी ठिवो, तुमालाबी. तुमी म्हणला, मावशी, तुमचं सगळं सांगा, मी लिवून घेते, तर मी सांगाया लागली. येवढं मी कुणाफुडं बोलत न्हाई, पन ते गेलं की मला समोर कुणीतरी लागतंय, कोन न्हाई आलं तर म्हशीसंगं बोलत बसती. गप ऱ्हायली की ती हाक गळ्यापतूर येती. तवा इचारा अजून काय इचारायचं ते. माहेरचं इचारा, भाताचं इचारा. ते बोरीपाशी दिसंस्तवर इचारत ऱ्हावा.