निळ्या फुलांचं घर

(भर दुपार. ओसरीवर मायलेकी शेंगा फोडत बसल्या होत्या. फाटकाची कडी वाजली, आणि प्रेमाच्या हातातली शेंग तशीच राहिली.)

विद्या : बाबा आले?

प्रेमा : बस तू. मी बघते. कोण आहे?

बसवंत : मी बसवंत, अक्का. कॉलनीच्या आफिसातनं आलोय, कंपाउंडाचं बघायला. मागं एकदा नोटीस देऊन गेलो होतो न्हवं का?

प्रेमा : तुम्ही होय. मला वाटलं... असू दे. या, सावलीत टेका. विद्या, पाणी आण काकांना.

बसवंत : ह्या वेळी नंबर हुडकावा लागला नाही बघा. राजाजीनगरातली ही लाइन सगळी एका साच्यातली. पण कोपऱ्यावर पोरांना विचारलं, तर म्हणाली, निळ्या फुलांचं घर न्हवं, ते काय तिथं.

प्रेमा : त्यासाठीच लावलाय वेल.

बसवंत : लावा की. पण केवढा माजलाय, अक्का. फाटकावरनं छपरावर, छपरावरनं दिव्याच्या खांबावर. नियम कमरेएवढा आहे. त्याच्या वर नको, आणि रस्त्यावर तर नकोच नको.

प्रेमा : शेजारच्या अंबूबाईंनी तक्रार केली ना?

बसवंत : नाव कशाला घ्यायचं? तुमच्या वेलातनं धामण निघाली ती त्यांच्या न्हाणीत. घरात रांगतं नातवंड. त्यांचं तरी काय चुकलं, सांगा.

प्रेमा : काही चुकलं नाही. त्यांना मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू? एकदा आमचे हे त्यांच्या घरात शिरले, पाटावर बसले आणि म्हणाले, आमटी वाढ. त्या माउलीनं चकार शब्द न काढता वाढली. पोटभर जेवू दिलं, आणि मग मला हाक मारली.

बसवंत : यजमान? दुसऱ्याच्या घरात?

प्रेमा : आपलंच समजून. ताप डोक्यात गेला, त्यातून उठले ते असे. कारखान्यातल्या यंत्राचा स्क्रू न् स्क्रू सांगायचे, पण घर सापडायचं नाही. आमच्या साताऱ्याला चुकले नसते. तिथं पाराचा पिंपळ आहे, कासाराचं दुकान आहे. इथं सगळी दारं पिवळी, सगळे ओटे सारखे.

विद्या : म्हणून आईनं गोकर्ण लावला. आणि मी बाबांना शिकवलं, निळी फुलं दिसली की आपलं घर. बाबा वाटेनं म्हणत यायचे, निळी फुलं, निळी फुलं. मग चुकायचे नाहीत.

बसवंत : शाणी आहे पोरगी. आणि आता कुठायत बाबा?

विद्या : दही आणायला गेलेत.

बसवंत : येतील की मग एवढ्यात.

प्रेमा : आंब्यांच्या दिवसांत गेलेत, अण्णा.

बसवंत : पोलिसांत सांगितलं?

प्रेमा : फोटो दिलाय. भाऊ म्हैसूरपर्यंत हिंडून आला. कुणी म्हणतं मल्लेश्वरमच्या देवळात दिसले, कुणी म्हणतं स्टेशनवर. आता सगळे म्हणतात, माहेरी चल. मी गेले आणि हे आले तर? लांबून दिसावा म्हणून तर वेल वाढू दिला. कात्री म्हणून लावली नाही.

बसवंत : अक्का, मला हे ठाऊक असतं, तर नोटीस आणून देणारा हात दुसऱ्याचा असता. पण आता सरी, बरं म्हणून निघून जायची सोय राहिली नाही. माणसं उद्या यायची आहेत. ती मुळापासनं उपटतील.

प्रेमा : नुसती फाटकावरची कमान राहू दे. एवढीशी. बाकीचं मी साफ करते.

बसवंत : एकाची ठेवली की सगळे मागतील. साहेबांचं एकच, लाइनीतली सगळी कंपाउंडं एकसारखी दिसली पाहिजेत.

प्रेमा : एकसारखी. तीच तर रड आहे.

बसवंत : फाटकालाच निळा रंग मारला तर? रंगाचं नियमात काही लिहिलेलं नाही.

प्रेमा : मारून पाहिला होता. रंग यांच्या ध्यानात राहिला नाही. फूल राहिलं. येताना एक तोडायचे, आत येऊन माझ्या हातावर ठेवायचे. तेव्हा कुठं त्यांना पटायचं की आलो घरी.

बसवंत : तरी उद्याची माणसं थांबायची नाहीत, अक्का.

प्रेमा : कोयता आहे तुमच्याजवळ?

बसवंत : सायकलीला आहे. कशाला?

प्रेमा : उद्याची माणसं नकोत. आपणच कापू. मूळ तरी राहील. कमरेएवढा म्हणालात ना? तुमच्या कमरेएवढा, की माझ्या?

बसवंत : यजमानांच्या धरा. उंच होते का?

प्रेमा : आहेत.

बसवंत : होय अक्का, आहेत. चुकलो.

प्रेमा : तुम्ही वरचं तोडा. मी खालून ओढते. माझा हात वरपर्यंत पोचत नाही. आणि पोचला तरी चालायचा नाही.

विद्या : आई, तो खांबावरचा गुच्छ तोडू नको म्हणावं. तो कोपऱ्यावरून दिसतो.

प्रेमा : तोच आधी तोडायचाय, बाळ. इकडं ये, पायाशी येऊ नकोस काकांच्या. खाली पडलेली फुलं वेच आणि पाण्यात घाल.

बसवंत : स्वल्प मागं सरा दोघी. येतोय हा खाली.

विद्या : किती उजेड आला ओसरीवर.

प्रेमा : आला खरा.

विद्या : परत फुलं कधी येतील?

प्रेमा : नवी फूट आली की येतील.

विद्या : तोपर्यंत बाबा आले तर?

प्रेमा : तोपर्यंत मी फाटकात उभी राहीन.

विद्या : आणि तू भात टाकायला आत गेलीस, तेव्हाच आले तर? फुलं नाहीत म्हणून आपल्या दारावरून पुढं निघून गेले, तर आपल्याला कळेल का, आई?