उशिरा वाजलेली शिट्टी

...आ करा, अजून मोठा — हां! आता बोलू नका, पंचसाहेब, दाढ बधिर व्हायला वेळ लागतो, तोवर मीच बोलतो. रविवारच्या रग्बी फायनलचा राग? छे! दातांच्या डॉक्टरने खुर्चीतल्या माणसावर राग धरायचा नसतो. आमच्या डॅरेलचा पास पुढे गेला होता का? गेला होता! चांगला हातभर! चेंडू मागेच द्यायचा, हे लहानपणापासून सांगतोय, पण कार्टं बापाचं ऐकेल तर शपथ — हे बाहेर बोलू नका हं, गावात मी अजून ‘धडधडीत अन्याय’ असंच सांगतोय. पण माझं भांडण निकालाशी नाहीच मुळी. उशिराशी आहे.

अहो, पास पुढे गेला तेव्हाच शिट्टी मारायची ना! तुम्ही काय केलंत? पुढच्या पोराला पळू दिलंत, रेषेपार पडू दिलंत, ट्राय झाला, गुण मिळाले म्हणून अख्खं मैदान नाचू दिलंत — आणि मग गेलात त्या रेषेवरच्या पंचाशी कुजबुजायला! शेवटचं मिनिट, आम्ही जिंकलेलो, माझ्या एका हातात पाय — खिम्याचा हो, खायचा — आणि दुसऱ्या हातात, कशा कोण जाणे, सासूबाई! मिठीच मारली, आणि ओरडलो, “आई, आता डबो गावच्या घरी परत जायचं नाही, कायमचं आमच्याकडे राहायचं!” मग वाजली तुमची शिट्टी. ट्राय रद्द, कप गेला — आणि सासूबाई? त्या रद्द होत नाहीत हो! दुसऱ्याच दिवशी सामान आलं. काकाकुवासकट. तो मेला पहाटे उठून त्यांच्याच आवाजात ओरडतो, “नेव्हिल, दूध संपलं!” — आणि मी झोपेत उठून दूध आणायला निघतो! बायको म्हणते, शब्द दिलास ना? भोग!

हलू नका — माझं म्हणणं एवढंच, पास पुढे गेल्यानंतरचं सगळं रद्द, तर माझं बोलणंही रद्द. बरोबर की नाही? त्या बाहेरच बसल्यात, विणकाम करत. जाता जाता तेवढं सांगा त्यांना. माझं ऐकणार नाहीत, पण पंचाचा निकाल म्हटल्यावर — काय? तोंडात कापूस आहे, हातानेच सांगा. रद्द ना? — बोट खाली? जमिनीकडे? मैदानात ट्राय देताना दाखवता तसं? म्हणजे ट्राय मंजूर? सासूबाई मंजूर? अहो, नीट विचार तरी करा, कुणाशी कुजबुजा तरी! त्या दिवशी अख्ख्या गावाला ताटकळत ठेवलंत, आणि आज पापणी लवायच्या आत निकाल?

चूळ भरा. दाढ? दाढेचं बघू पुढच्या मोसमात. उठा!